काही नाही हो, आप्पा

गेल्या भाऊबीजेच्या दुपारी इचलकरंजीच्या घरी पुढच्या खोलीत आमची पंगत बसली होती. दोन सतरंज्या जोडलेल्या, आई पुऱ्या वाढत आत-बाहेर करत होती, पंखा पाचवर, मुलांची बासुंदीवरून ओढाओढ. आप्पांचे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, म्हणून ते भिंतीकडेला खुर्चीवर बसलेले, पुढ्यात स्टुलावर ताट. दादा त्याच्या स्कूटरचा किस्सा सांगत होता आणि आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. वहिनीला ठसका लागला, माझ्या मुलीनं तर हातातली पुरी खाली टाकली. आप्पाही हसले. आमच्याहून क्षणभर उशिरा. हसणं ओसरलं तसे ते माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "काय झालं गं?" माझ्या तोंडात घास होता. किस्सा लांबलचक. पुन्हा सांगायचा तर आवाज चढवून, थांबत थांबत, एकेक वाक्य दोनदा सांगावं लागणार, आणि दादानं तोवर पुढचं काहीतरी सुरू केलं होतं, ते मला ऐकायचं होतं. मी हात हलवून म्हटलं, "काही नाही हो, आप्पा."

त्यांनी मान डोलावली. ताटातली वाटी थोडी फिरवून ठेवली. मग डाव्या हातानं कानातलं मशीन काढलं, सदऱ्याला पुसलं, खिशात टाकलं आणि खाली बघून जेवत राहिले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते परत घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना कऱ्हाड मागे पडलं, साताऱ्याला चहा झाला, तरी ती फिरवलेली वाटी डोळ्यांपुढून हलेना. मी काही मोठं लपवलं नव्हतं. कुणाचं आजारपण नाही, पैशाचा व्यवहार नाही, एक साधा हसण्यावारी न्यायचा किस्सा. तो सांगायला फार तर पाच मिनिटं लागली असती. त्या दिवशी आम्ही जेवायला दीड तास बसलो होतो.

आमचं बालपण मागांच्या आवाजात गेलं. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाला हा आवाज आहे, आणि गाव त्याला आवाज म्हणत नाही. गल्लीतून जाताना खटखट थांबलेली असली तर लोक मान वर करून बघतात, काय झालं म्हणून. आप्पा २४ मागांच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, होते, १९७३ पासून २०११ पर्यंत, आणि कारखान्याच्या भिंतीला भिंत लागून आमच्या दोन खोल्या. तांब्यात पाणी भरून ठेवलं की त्यावर बारीक वलयं उठत राहायची. रात्री झोपताना उशीला कान लावला की जमिनीतून माग ऐकू यायचे, आणि त्याच तालावर झोप लागायची. आप्पा घरी यायचे ते केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा तूस घेऊन. आई दारातच फडक्यानं झटकायची आणि ते लहान मुलासारखे डोळे मिटून उभे राहायचे. कानात कधी कधी कापसाचा बोळा असायचा. बहुतेकदा नसायचा, कारण बोळा घातला की घाम येतो, खाजतं.

आत कारखान्यात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. साध्या बोलण्याचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. साध्या मागांच्या कारखान्यात तो ९५च्या पुढे सहज जातो. कायद्यानं आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि इथली पाळी बारा तासांची. दहा डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दहापट होते, हे मला आत्ता आत्ता कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की आप्पांना डबा द्यायला गेलं की समोर जाऊन उभं राहायचं. पाठमोरे असले तर खांद्यावर दोन टिचक्या मारायच्या. दोनच. सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीवाल्या मावशी एक टिचकी मारायच्या, मालक बॅटरीचा झोत टाकायचे. टिचकी पडली की आप्पा वळायचे, आणि पहिल्यांदा डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचे. मग तिथे जे बोलणं चालायचं ते ओठांचं आणि बोटांचं. ताणा तुटला, धोटा अडकला, कांडी संपली, चहा आला, तुझी बायको बोलावतेय, सगळं तोंड मोठं मोठं हलवून, आवाज न काढता. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, आणि त्या मँचेस्टरच्या भोवतीच्या लँकेशायरमधल्या गिरणी कामगार बायकासुद्धा अशाच बोलायच्या. त्यांच्या त्या बोलण्याला 'मी-मॉ' असं नाव होतं, हे वाचलं तेव्हा मला आमच्या कांडीवाल्या मावशी आठवल्या. पान खाऊन लाल झालेले ओठ, आणि त्यांवरून सरकत जाणारे न उच्चारलेले शब्द.

घरात मात्र बोलणं व्हायचं ते लाइट गेली की. भारनियमनाच्या दिवसांत ती रोजच जायची. चोवीस माग एकामागून एक धापा टाकत थांबायचे आणि मग जी शांतता पसरायची ती कानात टोचायची. कुत्र्याचं भुंकणं, नळाची गळती, पलीकडच्या घरातलं म्हातारीचं खोकणं, सगळं अचानक उघड्यावर यायचं. आप्पा अंगणात येऊन पायरीवर बसायचे. पहिली पाच मिनिटं ते ओरडूनच बोलायचे. आई हातानं खाली, खाली करायची, तसा आवाज हळूहळू उतरायचा. कानाला हात लावून म्हणायचे, "आत अजून माग चालू हाईत." मला ती गंमत वाटायची. मग गोष्टी. सांगलीला सायकलवरून गेल्याच्या, महापुरात सूत भिजल्याच्या, एका मुकादमानं धोतराचा सोगा बीममध्ये अडकवून घेतल्याच्या. दादा आणि मी शाळेतलं सगळं तेव्हाच सांगून टाकायचो, लाइट यायच्या आत, घाईघाईनं. लाइट आली की गल्लीतली पोरं आनंदानं ओरडायची. आम्ही दोघं कधी ओरडलो नाही.

त्यांना कमी ऐकू येतंय हे आमच्या ध्यानात यायला फार वर्षं गेली. टीव्हीचा आवाज वाढला, तर आईनं रिमोट लपवला. २०१४ साली मला पुण्याला परत जायचं होतं, गाडी सातला होती, आप्पा सामान घेऊन स्टँडवर येणार होते, ते आठला आले. मी चिडले, आई त्याहून जास्त. ते गोंधळून म्हणत होते, "आठच म्हणालीस की." आम्हाला वाटलं विसरले, वय झालं, लक्ष नसतं यांचं. 'लक्ष नसतं' हा शब्द आमच्या घरात तेव्हा फार वापरला गेला. सात आणि आठ. 'सात'मधला स उडाला तर काय उरतं, हे आता म्हणून बघितलं की अंगावर काटा येतो.

मग २०२० आलं आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले.

त्या पावसाळ्यात आप्पा एकाएकी बहिरे झाले. औषधाच्या दुकानात काही कळेना, शेजारी दारातून बोलले तर नुसते बघत उभे राहायचे. घरातल्या घरातसुद्धा दादा सुरुवातीला काळजीनं मास्क लावून भेटायला यायचा, आणि आप्पा त्याच्यापुढे बसून एक शब्द बोलायचे नाहीत. आम्हाला वाटलं घाबरलेत, खचलेत. शेवटी पुढच्या वर्षी कान तपासायला नेलं तेव्हा तिथल्या मॅडमनी एक साधी गोष्ट केली. कागदानं स्वतःचं तोंड झाकून दहा शब्द म्हणाल्या. आप्पांना दोन आले. मग कागद बाजूला करून तेवढ्याच आवाजात दहा शब्द म्हणाल्या. आठ आले. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "हे किती वर्षं ओठ वाचतायत?" मला उत्तर देता आलं नाही. आईला सुद्धा नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला, जणू आता तो लावायचा नाही हे तिला त्या क्षणी कळलं.

मॅडमनी आप्पांच्या ऐकण्याचा आलेख दाखवला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. दोन्ही रेषा सुरुवातीला बऱ्या चालतात आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांपाशी, पायरी चुकल्यासारख्या खाली कोसळतात. कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५ हजार केसपेशी असतात, गोंगाटानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आणि वरच्या पट्टीच्या आधी जातात. आ, ओ, ऊ हे स्वर जाड, खालच्या पट्टीतले, ते आप्पांपर्यंत पोचतात. स, श, फ, त, च पोचत नाहीत. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ओरडून फायदा नसतो, कारण ओरडताना आपण स्वर मोठे करतो, व्यंजनं तिथंच राहतात. आणि बायकांचे, लहान मुलांचे आवाज सगळ्यात आधी निसटतात. म्हणजे आईचा. माझा. नातवंडांचा. मला एवढी वर्षं वाटत आलं होतं की आप्पा दादाचं तेवढं ऐकतात आणि माझं कानाआड करतात. लहानपणापासून मनात धरलेला एक बारीक राग त्या कागदापुढे बसून कुठे ठेवावा ते मला कळेना.

ओठ वाचणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. 'पाय', 'बाय', 'माय' ओठांवर सारखेच दिसतात. क, ग, ह तर घशातच राहतात, बाहेर काही दिसतच नाही. जे दिसतं त्यावरून आणि बोलण्याच्या ओघावरून बाकीचं मनानं भरून काढायचं, दिवसभर. विषय लग्नाचा चाललाय हे माहीत असेल तर लग्नाचे शब्द भरता येतात. पण पंगतीत विषय कधी बदलतो ते कोण सांगतं? लग्नावरून गाडी स्कूटरवर, स्कूटरवरून शाळेच्या फीवर. आप्पा लग्नातच थांबलेले असतात आणि स्कूटरचे ओठ लग्नात बसवायचा प्रयत्न करत असतात.

मशीन आणलं, दोन्ही कानांना. डोळ्यांना चष्मा लावल्यासारखं लख्ख होईल अशी आमची समजूत होती. मशीन जवळ असेल ते सगळंच मोठं करतं, पंखा, कुकरची शिट्टी, ताटावर चमचा, पुरी मोडल्याचा कुरकुर आवाजसुद्धा. बटणाएवढी बॅटरी, मागचा चिकट कागद काढला की तिच्यात हवा जाऊन ती चालू होते, आणि आठवडा-दीड आठवड्यात संपते. आप्पांच्या बोटांना घट्टे आहेत, तो कागद त्यांना धरता येत नाही, तरी कुणाला सांगत नाहीत, नखानं खरवडत बसतात. एकांतात, समोरासमोर एकच माणूस असेल तर मशीन फार कामाचं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी चिमण्या ऐकल्या आणि आईला विचारलं, "ह्या परत कधी आल्या?" चिमण्या कुठे गेल्याच नव्हत्या.

या सगळ्यात आईकडे आमचं लक्ष गेलं नाही, हे मला नीट सांगितलं पाहिजे. वीस वर्षं आई आमच्या आणि आप्पांच्या मधली दुभाषी आहे. आम्ही फोन तिला करतो, ती त्यांना सांगते. अर्ध्या तासाच्या फोनचं तिच्याकडून होतं, "बरी हाय ती. पोरीची परीक्षा संपली." त्यात माझी नवी शेजारीण नसते, ऑफिसातली कटकट नसते, मुलीनं कुंडीत लावलेलं लिंबाचं बी नसतं. मी एकदा तिला यावरून बोलले. ती म्हणाली, "सगळं वरडून सांगायला घसा बसतोय माझा. शेजारच्यांना वाटतंय आम्ही भांडतोय." आणि मग भांडं विसळता विसळता, माझ्याकडे न बघता, "हळू बोलायचं असं काय ऱ्हाईलंच न्हाई आमच्यात." पन्नास वर्षांच्या संसारातल्या किती गोष्टी कानाशी सांगायच्या असतात. त्या ओरडून सांगता येत नाहीत, म्हणून ती सांगत नाही. आणि दिवसभर ती ओट्यापाशी पुटपुटत असते, ते कोण ऐकतं? मी तर तिच्याशी बोलताना सुद्धा फोन स्पीकरवर टाकून कपड्यांच्या घड्या घालते.

मोठी बातमी आप्पांना नेहमी पोचते. मरण, बारसं, जागेचा सौदा, ऑपरेशनची तारीख, यासाठी आम्ही सगळे समोर बसतो, आवाज चढवतो, कागदावर लिहून देतो. राहून जातं ते बारीकसारीक. मांजरानं काय सांडलं, वहिनी काय पुटपुटली, नातू कुणाची नक्कल करतो. 'काही नाही'मध्ये जमा होतं ते हे. मला वाटतं माणूस आपल्या घरात राहतो तो याच्याच आधारानं, आणि आम्ही आप्पांना गेली दहा-पंधरा वर्षं फक्त ठळक बातम्यांवर ठेवलं आहे. त्यांना एकटेपणा आलाय असं आम्ही आपसात म्हणतो, तेही त्यांच्यासमोर बसून, हळू आवाजात.

यंदा बेंदराला चार दिवस माहेरी गेले. पाऊस नुकता उघडला होता, गल्लीत मुलं मातीचे बैल मिरवत होती. आप्पा मागच्या व्हरांड्यात पाठमोरे बसले होते, मशीन कोनाड्यात डबीत. मी तोंडानं हाक मारणार होते, ती गिळली. जवळ जाऊन खांद्यावर दोन टिचक्या मारल्या. किती वर्षांनी. ते वळले आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं, अगदी तसंच. मी उजेडाकडे तोंड करून समोर खालीच बसले. त्यांनी मशीन घातलं, शिट्टी वाजली, बसली. मी म्हटलं, "भाऊबीजेला दादानं स्कूटरचं सांगितलं होतं. तुम्ही विचारलं होतं काय झालं म्हणून. ते सांगते."

किस्सा असा की दादा सायझिंगवरून, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यातून, निघाला, आपल्या करड्या स्कूटरला किल्ली लावली, घरी आला, भाजी ठेवायला डिकी उघडली तर आत कुणाचा तरी डबा आणि एक बाईची छत्री. स्कूटर दुसऱ्याचीच. तो माणूस दादाची स्कूटर घेऊन पत्ता शोधत घरी आला, तोवर वहिनीनं तो डबा घासून पालथा घालून ठेवला होता, दादाचाच समजून. मी सगळं सांगितलं, कुठे थांबून, कुठे पुन्हा म्हणून. सांगताना मलाच कळत होतं की त्यातली गंमत शिळी झालीय. आप्पा हसले नाहीत. भुवया जवळ आणून म्हणाले, "दुसऱ्याची किल्ली बसली कशी?"

मला माहीत नव्हतं. आठ जण हसलो होतो, हे कुणीच विचारलं नव्हतं.

"घासल्याली असणार. किल्लीबी घासल्याली आन् कुलूपबी. दातं झिजली की कुठलीबी कुठं बसती." मग त्यांनी हवेत दोन बोटांनी किल्ली धरून झिजलेले दात कसे सरकतात ते दाखवलं, तिथून गाडी मागाच्या दातेरी चाकावर गेली, तिथून १९८० की ८१ साली एका रात्रीत त्यांनी कापलेल्या चाकावर, आणि मी तासभर ऐकत बसले. ही गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती. आई चहा घेऊन आली आणि दारातच टेकून उभी राहिली.

शेवटी मी विचारलं, "आप्पा, त्या दिवशी तुम्ही हसला होता ना?"

"व्हय."

"कशाला?"

"तुम्ही समदी हसत हुता म्हणून." चहा बशीत ओतून त्यांनी फुंकर घातली. "तुझं कळतंय मला निम्मंशिम्मं. तुझ्या आईचं तर कळतंयच. दादाचं न्हाई कळत. त्याची मिशी."

"मिशी काय?"

"वरचा ओठ झाकतोय. दिसतच न्हाई काय म्हणतोय त्यो."

दादानं मिशी ठेवली त्याला सतरा वर्षं झाली. लग्नाच्या फोटोत ती आहे. सतरा वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलंत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्याला शोभतीया की."

रात्री मी दादाला फोन केला आणि एवढंच सांगितलं. तो काही बोलला नाही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा आप्पा व्हरांड्यातच होते. त्यानं चप्पल काढली, आतून पाट आणला, त्यांच्यासमोर उजेडात टाकून बसला. मिशी पुरती काढली नव्हती. वरच्या ओठावरून कात्री फिरवून पट्टी लावल्यासारखी सरळ कापली होती, आणि तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्याहून गोरी दिसत होती. आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग खुर्ची जरा पुढे सरकवली.

"बोल," म्हणाले.